यंत्राला भाषा शिकविणाऱ्या हॉपरबाई

द्वितीय वर्ष, कला

कला शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकाच्या वाटेला जाऊ नये, असे मला गेल्या वर्षापर्यंत मनापासून वाटत असे. ते काम गणितवाल्यांचे आणि फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्यांचे. आपण त्या खोलीच्या दारावरून पुढे ग्रंथालयात जावे, हे बरे! परंतु महाविद्यालयात संगणकाचा एक छोटा अभ्यासवर्ग सुरू झाला आणि मैत्रिणीच्या आग्रहाखातर मीही त्यात नाव घातले.

तेथील यंत्रांवर लिनक्स ही युनिक्सच्या कुळातली प्रणाली आहे. काळ्या पडद्यावर एक छोटा चौकोन लुकलुकत असतो आणि त्याच्यापुढे आपण आज्ञा लिहायची असते. आज्ञा तरी कशा? एलएस, सीडी, सीपी, आरएम! कोणत्या भाषेतले हे शब्द म्हणायचे? तिसऱ्याच आठवड्यात मी आरएम ही पुसून टाकण्याची आज्ञा भलत्याच जागी दिली आणि तीन दिवस बसून टंकलेली माझी फाइल नाहीशी झाली. युनिक्स अशा वेळी सहसा पुन्हा विचारीत नाही. सांगितले ते मुकाट्याने करून मोकळे होते. मला रडू कोसळायचे तेवढे बाकी होते.

आमचे सर रागावले नाहीत. त्यांनी एक जाड नोंदवही माझ्यापुढे सरकवली आणि तारीख, वेळ, दिलेली आज्ञा आणि घडलेला परिणाम एवढे चारच रकाने भरायला सांगितले. त्या वहीच्या पहिल्या पानावर एक चित्र चिकटवलेले होते. चित्रात एका जुन्या वहीचे पान होते आणि त्या पानावर चिकटपट्टीने एक मेलेला पतंग डकवलेला होता. हे काय, असे मी विचारले. तेव्हा सरांनी मला ग्रेस हॉपर हे नाव प्रथम सांगितले. त्यानंतर या बाईंविषयी मिळेल ते मी वाचीत गेले. जे समजले ते माझ्यासारख्याच भिणाऱ्या मित्रमैत्रिणींना सांगावे, म्हणून हा लेख.

ग्रेस मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. वडील विम्याच्या व्यवसायात होते. आईला गणिताची आवड होती, आणि आजोबा भूमापन करणारे अभियंता होते. सात वर्षांच्या असताना गजराचे घड्याळ आतून चालते कसे, हे पाहण्यासाठी ग्रेसने घरातले एक घड्याळ उघडले. ते पुन्हा जुळेना, म्हणून दुसरे उघडले. अशी घरातली सातही घड्याळे खोलून झाली तेव्हा आईच्या लक्षात आले. आईने शिक्षा केली नाही. यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करायचे, एवढेच ठरवून दिले. आपल्या घरांतून असे घडले असते तर काय झाले असते, याची कल्पना वाचकांनी करावी! वडिलांचे पाय आजारपणामुळे कापावे लागले होते. आपल्या मागे मुलींना कोणावर अवलंबून राहावे लागू नये, म्हणून मुलाइतकेच मुलींनाही शिकविण्याचा त्यांचा आग्रह होता.

सोळाव्या वर्षी ग्रेसने व्हॅसार या मुलींच्या नामांकित महाविद्यालयात प्रवेश मागितला, पण लॅटिन भाषेत गुण कमी पडल्याने तो मिळाला नाही. एक वर्ष थांबून त्यांनी पुन्हा प्रयत्न केला आणि प्रवेश मिळवला. पुढे ज्या बाईंनी यंत्र आणि माणूस यांच्यामधल्या भाषेचा प्रश्न सोडवला, त्यांना पहिली ठेच भाषेच्याच परीक्षेत लागावी, ही मला मोठी गमतीची आणि धीर देणारी गोष्ट वाटते. १९२८ मध्ये गणित आणि पदार्थविज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या. १९३० मध्ये येल विद्यापीठाची एम. ए. आणि १९३४ मध्ये तेथीलच गणितातली पीएच. डी. त्यांनी मिळवली. दरम्यान १९३० मध्ये व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि १९३१ पासून त्या व्हॅसारमध्येच गणित शिकवू लागल्या. विवाह १९४५ मध्ये संपुष्टात आला. हॉपर हे नाव मात्र अखेरपर्यंत राहिले.

डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. हॉपरबाईंना नौदलात जायचे होते. पण त्यांचे वय पस्तिशीकडे झुकलेले, आणि वजन १२० पौंडांच्या किमान मर्यादेपेक्षा १५ पौंडांनी कमी! गणिताच्या प्राध्यापिकेने वर्गातच राहून देशसेवा करावी, असेही सुचविण्यात आले. त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. खास सवलत मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या आणि अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात पहिल्या आल्या. जुलै १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली झाली. तेथे त्यांची गाठ पडली ती मार्क वन नावाच्या यंत्राशी.

हे यंत्र म्हणजे एक अजस्र प्रकरण होते. लांबी ५१ फूट, उंची ८ फूट, वजन सुमारे ५ टन. आत फिरणारे दांडे, चक्रे आणि टकटक करणारे विजेचे खटके, म्हणजे रिले. बेरजेला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागे, गुणाकाराला सुमारे सहा सेकंद. यंत्राला सांगायचे ते कागदाच्या लांब पट्टीवर भोके पाडून सांगावे लागे. एकच कृती पुनःपुन्हा करून घ्यायची असेल तर पट्टीची दोन्ही टोके डिंकाने चिकटवून तिचे कडे करीत. तोफा, अग्निबाण, सुरुंग यांची युद्धकालीन गणिते येथे रात्रंदिवस चालत.

हॉपरबाई आल्या त्याच दिवशी एकेन यांनी त्यांच्यापुढे एक अवघड गणित टाकले आणि आठवड्याची मुदत दिली. यंत्र कसे चालवायचे हे सांगणारे पुस्तक अस्तित्वातच नव्हते. रिचर्ड ब्लॉक आणि रॉबर्ट कॅम्पबेल हे दोन तरुण अधिकारी आधीपासून काम करीत होते. त्यांच्याकडून विचारून विचारून बाई शिकल्या. पुढे एकेन यांनी यंत्राचे माहितीपुस्तक लिहिण्याचे काम त्यांच्यावरच सोपवले. त्या दररोज काही पाने लिहीत आणि एकेन यांना दाखवीत. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक ५६१ पानांचे आहे. यंत्र बांधणारा मोठा, यात शंका नाही; परंतु पुढच्या माणसाला ते वापरता यावे म्हणून बसून लिहिणाराही लहान नव्हे. आज युनिक्सवर मॅन ही आज्ञा दिली की पडद्यावर त्या त्या आज्ञेचे माहितीपत्रक उघडते. युनिक्सचे असे पहिले माहितीपुस्तक नोव्हेंबर १९७१ मधले. या सवयीची मुळे मला त्या ५६१ पानांपर्यंत गेलेली दिसतात.

याच काळात त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. वर्गमूळ, साइन, कोसाइन यांसारखी ठरावीक गणिते प्रत्येक कामात पुन्हा लागत. एकदा तपासून बरोबर ठरलेला आज्ञांचा तुकडा प्रत्येकजण आपल्या वहीत टिपून ठेवी, आणि गरज पडली की दुसऱ्याच्या वहीतून उतरवून घेई. पण उतरवताना आकडा चुके, आणि नव्या जागी बसवताना बेरजा चुकत. मग चूक शोधण्यात दिवस जात. नक्कल करणे आणि बेरीज करणे ही माणसाच्या हातून हमखास चुकणारी कामे, आणि यंत्राला तर तीच सर्वांत चांगली जमतात. तेव्हा ती यंत्रानेच का करू नयेत? हा विचार त्यांच्या मनात तेथे रुजला.

आता त्या पतंगाची हकिगत. ९ सप्टेंबर १९४७ रोजी मार्क टू हे पुढचे यंत्र चालताना अडले. शोध घेता घेता सत्तर क्रमांकाच्या रिलेमध्ये अडकलेला एक पतंग सापडला. तो काढून नोंदवहीत चिकटवला गेला आणि शेजारी, किडा प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच वेळ, अशा अर्थाची थट्टेची नोंद करण्यात आली. यंत्रातील दोषाला किडा, म्हणजे बग, म्हणण्याची पद्धत त्याआधीचीच; एडिसन यांच्या १८७८ मधील पत्रातही तो शब्द येतो. पतंग हॉपरबाईंनी स्वतः काढला असेही नाही. मात्र ही हकिगत पुढे त्यांनी इतक्यांदा रंगवून सांगितली की ती त्यांच्याच नावावर जमा झाली. ती वही अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे. मला त्या पतंगापेक्षा वही मोलाची वाटते. यंत्र केव्हा अडले, कोठे अडले, काय केले, हे त्या लोकांनी तेथल्या तेथे लिहून ठेवले होते. दोष शोधण्याची सुरुवात नोंदीपासून होते, हे मला माझी फाइल गमावल्यावर कळले.

थोरांची चरित्रे सांगताना आपण काळोखाची पाने उलटून टाकतो. तसे मी करणार नाही. युद्ध संपल्यावर हार्वर्डमध्ये त्यांना कायमची जागा मिळाली नाही आणि मुदत संपल्यावर १९४९ मध्ये बाहेर पडावे लागले. संसार मोडलेला, वय बेचाळीस, पुढचे काही निश्चित नाही. त्या काळात त्या मद्याच्या आहारी गेल्या होत्या आणि खचल्याही होत्या. मित्रांनी वेळीच स्पष्ट शब्दांत सुनावले, आधारही दिला. त्याच वर्षी फिलाडेल्फियातील एकर्ट-मॉचली यांच्या संस्थेत त्या रुजू झाल्या. युनिव्हॅक हा विक्रीसाठी बांधला जाणारा संगणक तेथे आकार घेत होता. दुसऱ्याच वर्षी ही संस्था रेमिंग्टन रँड कंपनीने विकत घेतली.

येथील आधीच्या एका यंत्रासाठी त्यांना अष्टमान पद्धतीत, म्हणजे आठाच्या पटीत, आकडेमोड करावी लागे. तिची इतकी सवय झाली की घरचा बँकेचा हिशेबच जुळेना. बँकेत काम करणाऱ्या भावाने तो तपासला, तेव्हा कळले की बाई अधूनमधून अष्टमानात वजाबाकी करीत होत्या! यंत्राच्या सोयीसाठी माणसाने आपली मोजण्याची रीत बदलायची, की माणसाच्या सोयीसाठी यंत्राने? प्रश्न साधा दिसतो, पण त्यांच्या पुढच्या आयुष्याची दिशा यातच आहे.

१९५२ मध्ये त्यांनी ए-झीरो नावाची आज्ञावली सिद्ध केली. तिची कल्पना आपल्या ग्रंथालयावरून चटकन समजेल. आपण पुस्तक मागताना संपूर्ण पुस्तक लिहून देत नाही. चिठ्ठीवर दाखलक्रमांक लिहितो आणि ग्रंथपाल कपाटातून नेमके पुस्तक आणून देतात. हॉपरबाईंनी तपासलेले आज्ञांचे तुकडे चुंबकीय फितीवर साठवले आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. काम करणाऱ्याने केवळ क्रमांक आणि लागणारी माहिती क्रमाने लिहायची. यंत्र ते तुकडे शोधणार, एकापुढे एक जोडणार, त्यांचे पत्ते जुळवणार आणि पुरी आज्ञावली तयार करून देणार. याला त्यांनी कंपायलर, म्हणजे संकलन करणारा, असे नाव दिले. आजच्या भाषेत यातले बरेचसे काम लिंकर नावाचे साधन करते. आपण युनिक्सवर सीसी अशी दोन अक्षरे लिहून सी भाषेतली आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरवतो, तेव्हा भाषांतर करणारा आणि तुकडे जोडणारा असे दोघेही पडद्यामागे राबत असतात.

हे लोकांना पटवणे मात्र सोपे गेले नाही. संगणक आकडेमोड करतो. तो आज्ञावली कशी लिहील, असा जाणकारांचाच समज होता. चालू अवस्थेतला कंपायलर समोर असूनही कितीतरी दिवस कोणी त्याला हात लावीना. त्यात विरोधाचा एक सूक्ष्म भागही असावा असे मला वाटते. जे ज्ञान मूठभरांच्या हाती असते, ते सोपे झालेले त्या मूठभरांना सहसा रुचत नाही. आपल्याकडे संस्कृत सोडून मराठीत ज्ञान सांगणाऱ्यांना काय सोसावे लागले, हे मराठी साहित्याच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको.

यानंतरचा प्रसंग मला या साऱ्या चरित्राचा गाभा वाटतो. पगारपत्रक, मालाचा साठा असली कामे करणाऱ्या माणसांना गणिताची चिन्हे नकोशी वाटतात. त्यांना शब्द हवे असतात, हे बाईंनी ओळखले. म्हणून साध्या इंग्रजी शब्दांत आज्ञा लिहिता याव्यात, अशी योजना त्यांनी १९५५ च्या सुमारास वरिष्ठांपुढे मांडली आणि प्रात्यक्षिकही दाखवले. एक लहानशी आज्ञावली इंग्रजी शब्दांत चालवून दाखवली. मग तीच फ्रेंच शब्दांत, आणि नंतर जर्मन शब्दांत. त्यांना सांगायचे होते ते एवढेच, की यंत्राला इंग्रजीही कळत नाही आणि फ्रेंचही. त्याच्या लेखी अक्षरांची एक जुळणी आहे आणि तिच्याशी जोडलेली एक कृती आहे. जुळणी कोणत्या भाषेतली, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

वरिष्ठ खूश होण्याऐवजी हबकले. अमेरिकेत, तेही फिलाडेल्फियात बांधलेल्या यंत्राला फ्रेंच आणि जर्मन समजावे, हे त्यांच्या पचनी पडेना. शेवटी बाईंना आपली आज्ञावली इंग्रजीपुरतीच ठेवण्याचे मान्य करावे लागले, तेव्हा कोठे काम पुढे सरकले. फ्लोमॅटिक या नावाने ती भाषा तयार झाली. म्हणजे यंत्राची भाषा इंग्रजी ठरली, ती यंत्रामुळे नव्हे, माणसांमुळे! ही गोष्ट वाचली त्या दिवशी माझ्या मनावरचे मोठे ओझे उतरले.

पुढे प्रत्येक कंपनीच्या यंत्राची भाषा निराळी होऊ लागली. त्यावर उपाय म्हणून मे १९५९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यात एक बैठक भरली, आणि तिच्यातून कोबोल या सामाईक व्यापारी भाषेचा जन्म झाला. हॉपरबाईंना कोबोलची जननी म्हणतात, पण तेवढे म्हणून थांबणे न्यायाचे होणार नाही. बैठकीची निकड प्रथम मेरी हॉज यांनी मांडली होती. जीन सॅमेट आणि समितीतील इतरांनी भाषेचे तपशील ठरवले. हॉपरबाई सल्लागार होत्या, आणि त्यांच्या फ्लोमॅटिकचा पाया कोबोलला मिळाला. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल आज्ञावली दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवण्यात आली. आज ही गोष्ट किरकोळ वाटेल. त्या वेळी ते मोठे यश होते. बँका आणि सरकारी कार्यालये यांच्या कारभारात कोबोल आजही काम करीत आहे.

१९६६ च्या अखेरीस, साठाव्या वर्षी, नौदलाने त्यांना निवृत्त केले आणि पुढच्याच ऑगस्टमध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावले. हे सहा महिने १९८६ पर्यंत लांबले! काम होते नौदलातील कोबोलचा गोंधळ निस्तरण्याचे. प्रत्येक विक्रेता आपला कंपायलर प्रमाणाप्रमाणे आहे असे सांगे. तो खरोखर तसा आहे का, हे पाहायचे कसे? बाईंच्या गटाने तपासणीच्या आज्ञावल्या तयार केल्या. त्या चालवायच्या, आणि उत्तर बरोबर आले तरच कंपायलर मान्य करायचा. शब्दावर विश्वास न ठेवता कसोटी लावायची ही रीत आज सॉफ्टवेअरच्या धंद्यात सर्वमान्य आहे.

त्या शिक्षिका होत्या आणि शिक्षिकाच राहिल्या. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात वीज जास्तीत जास्त किती दूर जाऊ शकेल, हे समजावण्यासाठी त्या सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे तारेचे तुकडे श्रोत्यांना वाटीत. उपग्रहामार्फत संदेश जायला वेळ का लागतो, असे कोणी विचारले की तो तुकडा दाखवीत. येथून उपग्रहापर्यंत असे किती तुकडे मावतील, याचा विचार ज्याने त्याने करावा. त्यांच्या खोलीत उलट्या दिशेने फिरणारे एक घड्याळ होते. वेळ ते अचूक दाखवी. रूढ पद्धत हीच एकमेव पद्धत नव्हे, हे त्या घड्याळाने न बोलता सांगावे, अशी ती योजना होती. सात घड्याळे खोलणारी मुलगी शेवटपर्यंत घड्याळाशी खेळतच राहिली.

ऑगस्ट १९८६ मध्ये रिअर ॲडमिरल या पदावरून, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्या नौदलातून निवृत्त झाल्या. त्या वेळी त्या सेवेतील सर्वांत वयोवृद्ध अधिकारी होत्या. त्यानंतरही एका संगणक कंपनीत सल्लागार म्हणून त्यांनी काम केले. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. मृत्यूनंतर, २०१६ मध्ये, अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान त्यांना देण्यात आला. नौदलाच्या एका युद्धनौकेलाही त्यांचे नाव आहे.

हे सारे वाचून झाल्यावर मी सरांना एक शंका विचारली. फ्रेंच आणि जर्मन चालत असेल, तर मराठी का चालू नये? सर हसले. युनिक्समध्ये एलियस नावाची एक सोय आहे. तिने एखाद्या आज्ञेला आपल्या पसंतीचे दुसरे नाव देता येते. त्यांनी मला एक ओळ लिहायला लावली. तिचा अर्थ इतकाच, की यापुढे यादी म्हणजे एलएस. मी ती लिहिली आणि मग देवनागरीत यादी असा शब्द टंकून कळ दाबली. क्षणार्धात माझ्या सगळ्या फायलींची नावे पडद्यावर उभी राहिली.

यंत्राला नवल वाटले नाही, रागही आला नाही. मी मात्र बराच वेळ त्या शब्दाकडे पाहत बसले. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. दुकान, बँक, तलाठी कार्यालय, कोठेही गेले की आपली भाषा तेथे चालेल ना, या धास्तीने आम्ही दारातच घुटमळतो. ही धास्ती यंत्राने घातलेली नाही, माणसांनी घातलेली आहे. आणि माणसांनी घातलेली गोष्ट माणसांना काढताही येते, हे मला हॉपरबाईंनी शिकवले.

आरएमचा धडाही मी विसरलेले नाही. त्या दिवसापासून प्रत्येक फाइलची एक प्रत मी दुसरीकडे ठेवते, पुसण्याआधी यंत्राने विचारावे म्हणून आरएमपुढे उणे चिन्ह आणि आय हे अक्षर लिहिते, आणि जे घडेल ते वहीत टिपून ठेवते. संगणक कक्षातील त्या जाड वहीत आता माझी अकरा पाने भरली आहेत. ती मराठीत आहेत. पुढच्या वर्षी येणाऱ्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी ती जरूर चाळावीत. माझ्या चुका त्यांना उपयोगी पडतील.